हाड पुरेसं आहे, पण शुगर ८.७ – इम्प्लांट करावं का?

खालची_दाढ:
आईच्या (वय ६४) खालच्या उजव्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट करायचे आहेत. मधुमेह १२ वर्षांचा, शेवटचं एचबीएवनसी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.७. अ‍ॅस्पिरिन ७५ मिग्रॅ रोज, शिवाय हाडं ठिसूळ म्हणून अलेंड्रोनेट ७० मिग्रॅची आठवड्याची गोळी पाच वर्षं चालू आहे. स्कॅनमध्ये हाडाची उंची-रुंदी चांगली आली. हाड पुरेसं असताना बाकीच्या तब्येतीने कितीसा फरक पडतो? आणि या दोन गोळ्या आधी थांबवायच्या का?

टायटॅनियम:
स्कॅन हाड किती आहे ते दाखवतो. ते हाड भरून किती येईल, हे त्यात दिसत नाही, आणि इम्प्लांटचं सगळं गणित तिथेच आहे.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नंतर दाताची कॅप येते. पहिल्या दिवशी हा स्क्रू नुसता आवळून बसलेला असतो, भिंतीतल्या खुंटीसारखा. ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) मिळाला की पकड चांगली मानतात. पण ज्या जुन्या हाडाने तो धरलेला असतो ते पुढच्या आठवड्यांत झिजतं आणि त्याच्या जागी टायटॅनियमला चिकटून नवं हाड येतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड सुटलेली आणि नवी पुरती आलेली नसते. शुगर जास्त असेल तर नेमकं इथेच घोडं अडतं: हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पुरवठा कमी होतो, पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत.

त्यामुळे ८.७ ला थांबा. साधारण ७ च्या खाली निर्धास्त, ७ ते ८ मध्ये जपून, ८ च्या वर पुढे ढकला, असा ढोबळ हिशोब धरतात. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून औषध बदलून पंधरा दिवसांत पुन्हा तपासण्यात अर्थ नाही, तीन महिने द्या. सोबत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. लोह कमी असल्यामुळे झालेल्या अ‍ॅनिमियात एचबीएवनसी खोटं जास्त येऊ शकतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी नेऊ नका. लोकल भूल असते, त्यामुळे नाश्ता आणि नेहमीची औषधं घेऊन सकाळची वेळ. खुर्चीत शुगर उतरणं हे चढण्याहून जास्त तातडीचं प्रकरण आहे.

गोळ्यांचा_डबा:
अ‍ॅस्पिरिन बंद करू नका. दोन इम्प्लांटचं रक्त टाके आणि गॉझच्या दाबाने थांबतं, गरज पडली तर रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला गॉझ. गोळी बंद केल्यावर हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ती गॉझने थांबत नाही.

अलेंड्रोनेटचं वेगळं. ते हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, त्यामुळे आठ-पंधरा दिवस बंद ठेवून काही साधत नाही. धोका जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा. तोंडाने घ्यायच्या गोळीत तो कमी असतो, पण काळ वाढेल तसा वाढतो, आणि पाच वर्षं म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा काळ नाही. गोळी लिहिणारे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर यांनी आधी बोलून घ्यावं.

एक चूक फार होते. "कुठली औषधं चालू आहेत?" म्हटलं की लोक रोजच्या गोळ्या सांगतात. हाडांसाठी वर्षातून एकदा घेतलेलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन राहूनच जातं. ते मुद्दाम विचारा. डेनोसुमॅबची तारीख परस्पर लांबवू नका, मणक्याचे फ्रॅक्चर होऊ शकतात. कॅन्सरसाठी हीच इंजेक्शनं जास्त मात्रेत चालू असतील तर इम्प्लांटचा विषयच काढू नये.

हिरडी:
वरचं सगळं बरोबर, पण उरलेल्या दातांच्या हिरड्या कशा आहेत? आधीचे दात पायोरियाने हलून पडले असतील तर तेच जंतू इम्प्लांटभोवती हाड खातात, आणि शुगर त्याला हातभार लावते. आधी डीप क्लिनिंग (हिरडीखालची सफाई), मगच ड्रिल. तंबाखू असेल तर निदान एक आठवडा आधी आणि दोन महिने नंतर पूर्ण बंद. "कमी केली" हे माझ्या लेखी चालू असण्यासारखंच.

खालची_दाढ:
तीन महिने थांबल्याने तिथलं हाड कमी नाही का होणार? दाढा दोन वर्षांपूर्वी काढल्या आहेत.

टायटॅनियम:
हाड मुख्यतः दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आटतं, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत भराभर. दोन वर्षांनंतर तीन महिन्यांनी फारसं बिघडत नाही. वरच्या दाढा खाली उतरल्या आहेत का ते मात्र आत्ताच बघून घ्या, कॅपला जागा उरायला हवी. आणि शुगर ७ पर्यंत खाली आली म्हणून कॅपची घाई नको. खालच्या जबड्यात एरवी तीन महिन्यांत कॅप बसवतात, इथे चार-पाच द्या.