लॅपटॉप वर्कशॉपात आपोआप बंद होऊन चालू होतोय, घरी मात्र एकदाही नाही

तांबडा_पांढरा (कोल्हापूर), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतो, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज यायचा नाही.

आमचं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशिनशॉप आहे. शिरोलीच्या फौंड्रीतनं बीडाची कास्टिंगं येतात, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून परत पाठवतो. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) आणि कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेलं ऑफिस. तिथं मी बसतो. बिलं, चलनं, ई-वे बिल, जीएसटी, पोरांचे पगार, सगळं एकाच लॅपटॉपवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरून जुना डेस्कटॉप यूपीएससकट गेला, म्हणून त्या दिवाळीला हा घेतला. लॅपटॉपला बॅटरी असतीच, आता यूपीएस कशाला, असं तेव्हाच ठरलं.

गेला महिनाभर काम करता करता स्क्रीन एकदम काळी होतीय. निळी नाही, मेसेज नाही, काही नाही. फट्‌दिशी काळी. चार-पाच सेकंदांनी आपोआप कंपनीचं चिन्ह येतंय आणि विंडोज पहिल्यापासनं सुरू. दिवसातनं पाच-सहा वेळा. शनिवारी पगाराची शीट सेव्ह करायच्या आत तीनदा गेला. पोरं दारात उभी, आणि मी आपला परत परत तेच आकडे टाकतोय.

घरी नेला की साधूसंत. रविवारी चार तास चालवला, पोरानं गेम खेळून घेतली, एकदाही पडला नाही.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगतो. एका दुकानातल्या पोरानं ८०० रुपये घेऊन विंडोज नवीन टाकून दिलं, फरक शून्य. अँटिव्हायरस फिरवला, स्वच्छ आहे म्हणतोय. आमच्या मामांनी (सासरे) "आत धूळ बसली असणार" म्हणून कंप्रेसरची नळी जाळीला लावून फुर्रर्र केलं. मी नको म्हणेपर्यंत उरकलं होतं. त्यानंही काही नाही.

टचपॅड डाव्या कोपऱ्यात दाबला जाईना झालाय, पण ते जुनं दुखणं, ते सोडा. चार्जर कायम लावलेला असतो, बॅटरी १०० टक्के दाखवतीय. ऑफिसचा पॉइंट इन्व्हर्टरवर आहे, लाइट गेली तरी आम्हाला पत्ता लागत नाही.

अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचाय. "नवीन घ्या" एवढं सोडून काहीही सांगा.

खटपट्या_सातारी, सोमवार रात्री १०:०५

रॅम काढा, पिना खोडरबरानं घासा, परत बसवा. माझा तसाच बरा झाला होता.

दोन_ते_चार_बंद (पुणे), सोमवार रात्री ११:३०

दादा, खोडरबर नंतर. आधी लॅपटॉपचं स्वतःचं म्हणणं काय आहे ते वाचा. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. जिथे जिथे पडला तिथे लाल खुणेची नोंद असेल, स्रोत कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. ही नोंद सगळ्यांनाच दिसते आणि लोक घाबरून विंडोज परत टाकतात. तिचा अर्थ फक्त इतकाच, की मागच्या वेळी नीट बंद न होता मशिन परत सुरू झालं. तिच्या तपशिलात बगचेककोड नावाची ओळ आहे, तिथला आकडा कळवा.

दुसरं, सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" असं टिक असतं, ते काढून ठेवा. निळी स्क्रीन येत असेल तर ती थांबेल आणि वाचता येईल. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप (निळी स्क्रीन आली की तिची माहिती साठवणारं फोल्डर) आहे का तेही बघा.

आणि सासरेबुवांना सांगा, कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय त्या जोरानं पंखा भलत्याच वेगात फिरतो. बीडाची पूड म्हणजे लोखंड आणि ग्राफाइट, दोन्हींतून वीज वाहते. ती बाहेर निघण्याऐवजी बोर्डावर जाऊन बसली तर निराळंच प्रकरण उभं राहील.

तांबडा_पांढरा, मंगळवार दुपारी १:१५

दादा नव्हे, ताई. आमच्या कोल्हापुरात बाया पण "मी आलो, मी गेलो"च म्हणतात, चालायचंच.

बघितलं. विंडोज नवीन टाकल्यापासनं कर्नल-पॉवर ४१ च्या १९ नोंदी आहेत. सगळ्यांत बगचेककोड ०. मिनीडंपचं फोल्डरच नाही. टिक काढलं, त्यानंतर सकाळी दोनदा पडला, निळं काही आलं नाही. मामांना तुमचा निरोप वाचून दाखवला. "पुण्याचा असणार," एवढंच म्हणाले.

कृष्णाकाठ (मिरज), मंगळवार दुपारी २:००

औद्योगिक भाग म्हणजे व्होल्टेज खालीवर होणारच. स्टॅबिलायझर घ्या, विषय संपला.

निवृत्त_वायरमन (इचलकरंजी), मंगळवार संध्याकाळी ६:२०

स्टॅबिलायझरला पैसे घालू नका. ताई, अडॅप्टर उलटा करून त्यावरचं बारीक अक्षर वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल. तुमच्याकडं व्होल्टेज १७० वर आलं तरी त्या अडॅप्टरला फरक पडत नाही.

बगचेककोड शून्य म्हणजे विंडोजला मरताना दोन शब्द लिहायलाही वेळ मिळाला नाही. ड्रायव्हर, व्हायरस, सिस्टिम फाइल यांनी निळी स्क्रीन आली असती तर साधारण काहीतरी आकडा मागं राहतो. गरम होऊन बंद पडणारा लॅपटॉप सहसा बंदच राहतो, लगेच उठून उभा राहत नाही. आणि घरी चार तास गेम खेळूनही तो तापून पडला नाही. तुमच्या इथं वीजच तुटतीय. मी ३१ वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरिंग केलंय, कुठल्याही मशिनला मी आधी हेच विचारतो: वीज येतीय का, आणि सलग येतीय का.

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी आहे की. आहे, पण जिवंत आहे का? १०० टक्के दाखवणं आणि लोड घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा वर्षं चार्जरला लटकलेल्या बॅटरीला कुणी काम सांगितलंय का कधी?

तीन गोष्टी करा. सगळं सेव्ह करून, विंडोज चालू असताना चार्जर काढा आणि काय होतं ते सांगा. लॅपटॉप पडल्यावर तुम्ही बटन दाबता की तो खरंच आपोआप उठतो, ते नक्की सांगा. आणि त्या १९ नोंदींच्या वेळा वहीत उतरवा. त्या वेळी शॉपात काय चालू झालं ते पोरांना विचारा, त्यांना मशिनचा आवाज आपल्यापेक्षा जास्त कळतो.

दोन_ते_चार_बंद, मंगळवार संध्याकाळी ७:१०

काकांशी सहमत. आणि माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट आता लिहितो, ती आधी वाचा. टचपॅड कोपऱ्यात दाबला जात नाही, हे "जुनं दुखणं" म्हणून सोडू नका. बऱ्याच लॅपटॉपांत बॅटरी तळहाताच्या खालीच असते. ती फुगली की टचपॅड वर उचलला जातो. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डुलतो का, कडेला फट दिसते का बघा. तसं असेल तर त्यावर जोर देऊ नका, रात्री चार्जरला सोडू नका, आणि टोचून हवा काढायला कुणाला देऊ नका. विशेषतः सासरेबुवांना.

फुगलेली नसेल तरच आकडे काढत बसा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असताना बॅटरीत मावणारी वीज) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता मावणारी वीज) असे दोन आकडे असतात.

तांबडा_पांढरा, बुधवार रात्री १०:२०

मंडळी, आजचा दिवस तुमच्या नावानं गेला. एकेक सांगतो.

चार्जर काढला. एक, दोन... दोन म्हणायच्या आत काळा. वर १०० टक्के लिहिलेलं होतं हो! सहा वर्षं मी त्या आकड्याकडं बघून निवांत बसलो होतो.

रिपोर्टमध्ये डिझाइन ४१,०४० आहे, फुल चार्ज ३,९००. टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुलतोय, डाव्या कडेला नख जाईल एवढी फट. लगेच बंद केला.

आता वेळा. वहीत उतरवल्या. १०:२२, ११:०५, ११:४८ अशा. काही मेळ लागेना. चहाच्या वेळी आमच्या लेथवरच्या पोरानं वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, हे तर कंप्रेसर धरायचं टायमिंग हाय." टाकीतली हवा कमी झाली की तो आपोआप सुरू होतोय, आणि तो सुरू झाला की माझं पार्टिशन थडथडतंय. रोज इतकी सवय की आवाज कानावर पडतच नाही. कंप्रेसर पार्टिशनच्या पलीकडं. आणि माझ्या चार्जरचा बोर्ड त्याच प्लायवूडला स्क्रूनं मारलेला.

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून प्लग काढून बघितला. एक पिन काळी पडलीय, सॉकेटमध्ये प्लग सैल, बोटानं हलवला की डुगडुग. म्हणजे कंप्रेसर धरला, प्लायवूड थरथरलं, प्लग क्षणभर सुटला आणि परत टेकला. बॅटरी आधीच मेलेली, मग लॅपटॉप काय करणार. घरी सॉकेट घट्ट, म्हणून तिथं साधूसंत.

एक कोडं मात्र सुटंना. तो आपोआप उठतोय हे शंभर टक्के खरं, मी बटनाला हात लावत नाही.

दोन_ते_चार_बंद, बुधवार रात्री १०:५०

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं लॅपटॉपचं मूळ सेटिंग) जा आणि पॉवरच्या पानावर बघा. काही लॅपटॉपांत चार्जर जोडला की मशिन चालू व्हावं असा पर्याय असतो. मुळात तो बंद असतो, कुणीतरी चालू केलेला असेल.

तांबडा_पांढरा, गुरुवार सकाळी ९:३०

सापडला! चालू होता. रात्री दिराला फोन केला, तर म्हणाला, "लॉकडाउनमध्ये मीच केला होता." २०२० मध्ये तो घरनं ऑफिसचा लॅपटॉप लांबून चालवायचा. मामा शॉपात जाऊन नुसता बोर्डाचा स्विच टाकायचे, लॅपटॉप आपोआप सुरू, हा घरी बसून बिलं करणार. लॉकडाउन गेलं, पर्याय तसाच राहिला. तो नसता तर लॅपटॉप पडून गप पडला असता, आणि मी पहिल्या दिवशीच प्लगकडं बघितलं असतं. आठशे रुपये वाचले असते ते वेगळंच.

निवृत्त_वायरमन, गुरुवार सकाळी १०:१५

झकास. आता क्रम ऐका. पहिल्यांदा सॉकेट बदला, प्लगही बदला. काळी पडलेली पिन नव्या सॉकेटात घालू नका, ती नव्या पत्त्याही खराब करणार. बोर्ड प्लायवूडवरनं काढून विटांच्या भिंतीवर न्या. ठिणगी आणि प्लायवूड शेजारी नको, लॅपटॉपचं राहू द्या बाजूला. वायर काळी किंवा कडक झाली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका. हे काम मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, आणि तुमच्या वायरमनकडनंच.

बॅटरी बदलल्यावर चार्जर काढून वीस मिनिटं चालवून बघा, दर महिन्याला एकदा.

तांबडा_पांढरा, शनिवार रात्री ९:००

राजारामपुरीतनं बॅटरी बसवून आणली, २,८०० रुपये. जुनी उशीसारखी फुगली होती, ती दुकानदारानंच ठेवून घेतली. मागचं झाकण उघडल्यावर पंख्याच्या जाळीत काळी पूड नमद्यासारखी घट्ट बसलेली निघाली. मामांनी फुर्र करून ती अजून आत कोंबली होती. दुकानदारानं ब्रशनं काढली. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज निम्म्यावर आलाय.

खरी गंमत पुढं. शुक्रवारी नवी बॅटरी घातली, पण बोर्ड अजून जुनाच होता, वायरमन आज आला. कंप्रेसर धरला की लॅपटॉपमधनं "टुंग" असा चार्जर लागल्याचा आवाज यायचा. दिवसभर टुंग, टुंग. म्हणजे महिनाभर हाच पाडत होता मला. लेथवरचं पोरगं दर टुंगला माझ्याकडं बघून हसायचं. आज बोर्ड भिंतीवर गेला आणि टुंग बंद झालं.

जीएसटीआर-१ आत्ताच भरला, दोन दिवस हातात ठेवून.

पार्टिशन मात्र अजून थडथडतंय. वायरमनकाका, कंप्रेसरच्या पायाखाली रबर टाकलं तर कमी येईल का? कसलं घ्यायचं, कुठं मिळंल?

निवृत्त_वायरमन, शनिवार रात्री ९:२५

येईल की. पण ताई, उद्यमनगरात बसून मशिनच्या पायाखालचं रबर तुम्ही इचलकरंजीला विचारताय?

तांबडा_पांढरा, शनिवार रात्री ९:३२

मामा पण हेच म्हणाले. सोमवारी आणतो.