जपानी ड्रगस्टोअरमधील खरेदी: करमाफीचा बदलता नियम आणि सासूबाईंसाठी औषधे

कोथरूडकर (प्रश्न)
पत्नी, सासूबाई आणि मी २६ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर २०२६ या काळात ओसाका, क्योटो आणि टोकियो येथे जात आहोत. नातेवाइकांच्या यादीत सनस्क्रीन, डोळ्यांवर ठेवायच्या वाफेच्या पट्ट्या, डोकेदुखीच्या ‘ईव्ह’ गोळ्या, सर्दीचे ‘पाब्रोन’ आणि कोलॅजेनची पावडर आहे. जपानी दुकानांत परदेशी पर्यटकांना मिळणाऱ्या करमाफीचा नियम १ नोव्हेंबरला बदलतो असे वाचले. आमचा प्रवास नेमका त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना पडतो. शिवाय सासूबाईंना उच्च रक्तदाब असून त्या शाकाहारी आहेत. यादीतील काय टाळावे?

निशिकसाईवासी
मी टोकियोत नोकरीस असल्यामुळे मला स्वतःला करमाफी मिळत नाही, पण पाहुण्यांबरोबर दुकानात अनेकदा जातो. ३१ ऑक्टोबरपर्यंतचा नियम असा: एकाच दुकानात एकाच दिवशी करपूर्व किमान ५,००० येनची खरेदी झाली आणि मूळ पासपोर्ट दाखवला, तर कर (औषधे व प्रसाधनांवर १० टक्के) गल्ल्यावरच वगळला जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने ‘उपभोग्य’ वस्तूंत मोडत असल्याने ती मोहोरबंद पिशवीत मिळतात, आणि देश सोडेपर्यंत ती पिशवी उघडायची नसते. १ नोव्हेंबरपासून दुकानात करासह पूर्ण रक्कम भरावी लागेल, विमानतळावर सीमाशुल्क विभागाची पडताळणी होईल आणि त्यानंतर कर परत मिळेल. ५,००० येनची अट कायम राहील, मोहोरबंद पिशवी मात्र जाईल. त्यामुळे १ तारखेपासून घेतलेल्या वस्तूंची बॅग विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वी पडताळणी करून घ्यावी आणि त्यासाठी विमानतळावर वेळ हाताशी ठेवावा.

सह्याद्रीभटक्या
मोहोरबंद पिशवीचा फटका मला बसला आहे. ओसाकात दुसऱ्याच दिवशी सनस्क्रीन घेतले, पिशवी बंद झाली, आणि क्योटोच्या उन्हात तेच पुन्हा पूर्ण किमतीत विकत घ्यावे लागले. प्रवासात वापरायची वस्तू कर भरून वेगळी घ्यावी. १०० मिलिलिटरहून मोठी बाटली हातातल्या सामानात चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

औषधनिर्माती
मी नाशिकमध्ये औषधविक्रीच्या व्यवसायात आहे, म्हणून औषधांपुरते सांगते. जपानी खोक्यावर औषधाचा वर्ग छापलेला असतो. पहिल्या वर्गातील औषध, उदाहरणार्थ ‘लोक्सोनिन एस’च्या गोळ्या, केवळ औषधनिर्माताच (फार्मासिस्ट) माहिती देऊन विकतो, तो कामावर नसेल तर ते विकलेच जात नाही. दुसऱ्या वर्गातील २ या अंकाभोवती चौकट किंवा वर्तुळ असेल, तर विशेष सावधगिरी हवी.

‘पाब्रोन गोल्ड ए’ सासूबाईंसाठी मुळीच घेऊ नका. त्यात पॅरासिटामॉलबरोबर डायहायड्रोकोडीन, क्लोरफेनिरामाइन, कॅफीन आणि मिथाइलएफेड्रिन आहे. यातले शेवटचे रक्तदाब वाढवू शकते. शिवाय सर्दीच्या पुडीसोबत घरून नेलेली क्रोसिन घेतली, तर पॅरासिटामॉलची मात्रा नकळत दुप्पट होते, आणि असा प्रकार माझ्या दुकानात नेहमी दिसतो. पाब्रोनसारखी डायहायड्रोकोडीन व मिथाइलएफेड्रिन असलेली औषधे दुकाने साधारणपणे माणशी एकच खोके देतात, त्यामुळे दहा जणांसाठी दहा खोकी आणण्याचा बेत सोडून द्यावा. ‘ईव्ह ए’मध्ये आयबुप्रोफेनशिवाय गुंगी आणणारे एक द्रव्य व कॅफीनही असते, आयबुप्रोफेन हे तर रक्तदाबाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच घ्यायचे औषध आहे. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या पुरतील एवढ्या घरूनच न्याव्यात, कारण भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी तेथील औषधालयात चालत नाही.

कोथरूडकर
मनःपूर्वक आभार. पाब्रोन यादीतून काढले. कोलॅजेनबद्दल मात्र कोणी सांगितले नाही.

औषधनिर्माती
ते राहूनच गेले. कोलॅजेन प्राण्यांपासूनच मिळते. जपानी पावडरींत ते बहुधा माशांचे किंवा डुकराचे असते. मऊ कॅप्सूलचे आवरणही बहुतेक वेळा जिलेटिनचे असते, तेव्हा जीवनसत्त्वांच्या बाटल्याही तपासून घ्याव्यात. डोळ्यांच्या पट्ट्या आणि सनस्क्रीन खुशाल आणा.