लेकीचं हिमोग्लोबिन ८.९, गोळी सोसत नाही

लालबागची आई: लेक १४ वर्षांची. परवा करी रोड स्टेशनचा जिना चढताना धाप लागून मधेच बसली, ओठ पांढरेफटक. १२ च्या वर हवं, हिचं ८.९ निघालं. लोहाच्या गोळीने मळमळतं म्हणून चहाबरोबर घेते. माझा जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर: ताई, आधी तो चहा थांबवा! त्याने लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्या. शी काळी होते, घाबरू नका.

उत्तर: पाळी किती दिवस चालते, विचारलंत? माझी भाची लाजेने बोलतच नव्हती, दर दोन तासांनी पॅड भिजायचं. डॉक्टरांना हे सांगाच.

लालबागची आई: आत्ता जवळ घेऊन विचारलं. नऊ दिवस चालते म्हणाली. उद्याच दाखवते.