मदत हवी आहे : गावांची नावे आणि त्यांच्यासोबत आठवणारे सूर

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील केरी हे नाव वाचले की, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेली सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी माझ्या कानात सुरू होते (सत्तरीत आणि पेडण्यातही केरी आहे, पण तिथे मन जात नाही). साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पुन्हा वर येणारे कुर्डी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. मंगेशी म्हणजे अर्थातच मास्टर दीनानाथ.

गायकांची अशी नावे सहज सुचतात. तबला, हार्मोनियम आणि सारंगीच्या साथीदारांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो, म्हणून गोव्यातील गावाचे नाव आडनावात बाळगणारे जुने साथीदार कोणास ठाऊक असल्यास त्यांचे वाद्य, गाव आणि विशेषतः तालुका कृपया कळवावा.