विषय: टायनी होम्सविरोधी अर्जावर सह्या

मंडळी, स.न.वि.वि.

कॅलिफोर्नियातली आपली सॅन होजे सिटी आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर बेघरांसाठी टायनी होम्स, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्याच्या छोट्या खोल्या, उभारायच्या विचारात आहे. शेजाऱ्यांनी सिटी काउन्सिलला द्यायचा अर्ज तयार केलाय (त्यात या बेघरांना ‘बाहेरून आलेले’ म्हटलंय), रविवारपर्यंत सह्या हव्यात. मी गरिबांच्या विरुद्ध नाही. पण जन्माची कमाई या घरात घातलीय. घरांसाठी पैसा उभा करायला मतदानानं मेझर ए झालं, मेझर ई झालं, टॅक्स भरतोच आहोत, आणि कायोटी क्रीक या ओढ्याच्या काठचे तंबू आहेत तिथेच. मग पैसा जातो कुठं?

– स.

---

काका, नमस्कार.

प्रश्न रास्त आहे. २०१६ चा मेझर ए म्हणजे काउंटीचे ९५ कोटी डॉलरचे बाँड. त्यातून इमारती बांधायच्या, त्याही मुख्यतः अगदी कमी उत्पन्नवाल्यांसाठी. जागा मिळवा, परवानग्या काढा, चार ठिकाणची कर्जं जुळवा. माणूस राहायला जाईपर्यंत वर्षं लागतात. मेझर ई हा सिटीचा कर, मार्च २०२० चा. तो महागडी (सुरुवातीला वीस लाख डॉलर आणि त्यावरची) मालमत्ता विकली जाते तेव्हाच लागतो, म्हणजे तुमच्या दरसालच्या बिलात तो नाहीच. ते पैसे आधी मुख्यतः पक्क्या घरांसाठी होते, महापौर मॅट मेहन यांच्या पुढाकारानं काउन्सिलनं त्यातले बरेच तात्पुरत्या निवाऱ्यांकडे वळवले. मला हे पूर्ण पटत नाही. पुढे जायला घरच नसेल तर माणूस टायनी होममध्येच अडकून राहणार. तरी तंबूपेक्षा आतून कडी लागणारं दार बरं.

जानेवारीतल्या बेघरांच्या शिरगणतीला मी एकदा गेले होते. पहाटेची वेळ, आम्ही तिघं, फोनवर ॲप. कुणाला उठवायचं नाही, काच ठोठावायची नाही. मग रस्त्यावरच्या गाड्यांतली कोणती मोजायची? जिच्या काचांवर आतून वाफ धरलीय ती. एका जुन्या कोरोलाच्या पुढच्या काचेला टॉवेल लावला होता, मागे हँगरवर सिक्युरिटी गार्डचा इस्त्री केलेला शर्ट. म्हणजे गृहस्थ थोड्या वेळानं ड्यूटीवर जाणार होते.

२०२३ च्या गणतीत सॅन होजेत ६,२६६ बेघर निघाले, त्यातले सुमारे सत्तर टक्के निवाऱ्याबाहेर. आणि अर्जात ‘बाहेरून आलेले’ असं कुणी लिहिलं? यातले बहुतेक बेघर व्हायच्या आधी याच काउंटीत राहत होते. बाहेरून आलेलो आपण!

– मी.

---

काकांशी सहमत. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या केसमध्ये सांगितलंय की निवारा नसला तरी उघड्यावर झोपणाऱ्यांना शहरं दंड करू शकतात. मग सिटीनं हात आखडता का घ्यावा?

– प्र.

---

प्र., दंड भरायला त्यांच्याकडे पैसे असते तर भाडं नसतं भरलं? आणि हटवण्याचं म्हणशील तर इथलीच स्टोरी रोडजवळची ‘जंगल’ नावाची बेघरांची वस्ती डिसेंबर २०१४ मध्ये उठवलीच होती. माणसं क्रीकच्या काठानं पुढे सरकली, एवढंच झालं.

– मी.

---

या मेलिंग लिस्टवर लिहू की नको असं करत होते. माझे आईबाबा तीन वर्षं इथल्या सीनियर अपार्टमेंटच्या वेटिंग लिस्टवर आहेत. अफोर्डेबल हाउसिंग म्हणजे हेसुद्धा. २०१८ मध्येच इथे चौघांच्या घराला वर्षाचे ९४,४५० डॉलर मिळत असतील तरी ते ‘लो इन्कम’मध्ये धरत. अर्ज भरतो, पुन्हा भरतो. म्हाडाची लॉटरी बरी, निदान निकालाची तारीख तरी कळते.

– अ.

---

अ., ठाऊक नव्हतं गं. बाबांना फोन करतो.

सही मागे घेत नाही. रात्री गेटवर माणूस असणार का, कचरा कोण उचलणार, प्लॉट किती वर्षांसाठी देताय, ही उत्तरं मला सिटीकडून लेखी हवीत. ‘बाहेरून आलेले’ मात्र खोडायला लावलं. मीटिंग गुरुवारी साडेसहाला आहे. मी., तू येणार असशील तर राइड देतो, तिथं पार्किंग मिळत नाही.

– स.