आर्थर कोस्लर ‘ब्रिटिश’ कादंबरीकार कसा काय?

उंबराचं_फूल
‘डार्कनेस ॲट नून’ परत वाचली. लेखकाला सगळीकडे ब्रिटिश म्हणतात, ते मला पटत नाही. जन्म १९०५, बुडापेस्ट. शिक्षण व्हिएन्नात, पत्रकारी जर्मन वर्तमानपत्रांत. ही कादंबरी लिहिली फ्रान्समध्ये, तीही जर्मनमधून. इंग्रजी केलं डॅफ्नी हार्डी या मैत्रिणीनं, नावही तिनंच सुचवलेलं. १९४० मध्ये पुस्तक लंडनात निघालं तेव्हा गडी विनापरवाना देशात शिरला म्हणून पेंटनव्हिलच्या तुरुंगात! यात ब्रिटिश काय, तर तुरुंग.

घाटपायथा
😀 पण अर्धंच सांगितलंत. ‘अरायव्हल अँड डिपार्चर’ (१९४३) त्यानं थेट इंग्रजीत लिहिली. पस्तिशीनंतर लिहिण्याची भाषा बदलायची आणि शेवटपर्यंत तीच चालवायची, ही काय गंमत आहे? जन्मगावच बघायचं तर इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनराडलाही पोलंडला धाडा.

उंबराचं_फूल
कॉनराडनं कादंबऱ्या इंग्रजीतच लिहिल्या हो. कोस्लरचं नाव ज्या पुस्तकावर टिकलं, त्याचा जर्मन मजकूर युद्धाच्या पळापळीत हरवला. जर्मन आवृत्तीसाठी त्यानं स्वतःच इंग्रजीवरून उलट भाषांतर केलं! मूळ प्रत थेट २०१५ मध्ये झुरिकच्या ग्रंथालयात सापडली. म्हणजे ७५ वर्षं सगळ्यांनी वाचली ती हार्डीबाईंची वाक्यं. त्यांनी ‘हिअरिंग’ लिहिलं, २०१९ च्या नव्या भाषांतरात ‘इंटरॉगेशन’ आहे. कादंबरीतल्या कैद्याला, रुबाशॉव्हला, झोपू न देता, डोळ्यांवर दिवा सोडून रात्ररात्र बसवतात, आणि त्याला म्हणायचं सुनावणी?

तिसरा_बाक
भाषेचं चालू द्या. तो किती ब्रिटिश झाला होता ते बघायचं तर ‘द लोटस अँड द रोबॉट’ (१९६०) वाचा. भारतात आला, विनोबांच्या पदयात्रेत चालला, आणि परत जाऊन योग, साधू, गांधी सगळ्यांना असं सोललं की आपल्याकडे पुस्तकावर बंदी आली. पानोपानी साहेब बोलतो.

घाटपायथा
बंदी घालायला नकोच होती, हे आधी. आणि साहेब कुठला? हा माणूस १९३१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात शिरला, १९३८ मध्ये पोळून बाहेर पडला. मधे १९३७ ला स्पेनमध्ये फ्रँकोच्या तुरुंगात मरणाची वाट बघत बसला होता. अशा माणसाला कुठल्याही मठात धूर आधी दिसणार, मग तो मॉस्कोचा असो नाहीतर आपला.

तिसरा_बाक
मॉस्कोचा धूर आत सात वर्षं राहून बघितला. आपला किती दिवसांत?

घाटपायथा
हे मात्र मान्य.

उंबराचं_फूल
मूळ प्रश्न राहिलाच. मी ‘ब्रिटिश’ मानणार नाही, फार तर इंग्रजीनं दत्तक घेतलेला म्हणेन.

नवखा_वाचक
मधेच विचारतो, मी यातलं काहीच वाचलेलं नाही. जुनं भाषांतर घेऊ की नवं?

उंबराचं_फूल
आधी हार्डीबाईंचं घ्या. शेजारच्या कोठडीतला ४०२ नंबर भिंतीवर टकटक करून एकेक अक्षर बोलतो, तिथपर्यंत वाचा आणि मग नवं उघडून तेच पान काढा.