मदत कारखान्याला की कामगाराला?

वर एका भाऊंनी लिहिलंय की कार कारखान्याला अनुदान दिलं की कामगार आपोआप वाचतो. मला नाही पटत. ऑस्ट्रेलियात सरकारनं वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी फोर्डनं 2016 मध्ये आणि टोयोटा, होल्डननं 2017 मध्ये तिथलं उत्पादन थांबवलंच. पण घोषणा तीन वर्षांहून जास्त आधी झाली होती आणि प्रशिक्षणाची मदत सुटे भाग बनवणाऱ्यांच्या कामगारांनाही मिळाली. घ्यायचं ते हे.

आपल्या यवतमाळकडची आयटीआय झालेली पोरं पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत जातात ती बहुतेक पुरवठादाराकडे, तीही ठेकेदाराच्या नावावर. आमच्या शेजारचा पोरगा प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवतात तिथं) होता. ऑर्डर घटली, गेटपास काढून घेतला, विषय संपला. आता सोयाबीनच्या थ्रेशरवर जातो. कपात झाली तर सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, असा कायदा आहे. पण ठेकेदारच बदलत राहिला तर ती वर्षं मोजणार कोण?

म्हणून मदतीची यादी कंपनीच्या हजेरीपटावरून नको, पीएफच्या यूएएनवरून, म्हणजे कामगाराच्या स्वतःच्या पीएफ नंबरावरून करा. ठेकेदार बदलला तरी तो नंबर तोच राहतो. आणि प्रशिक्षण तालुक्याच्या आयटीआयमध्येच द्या. पुण्यात ठेवलं तर खोलीभाड्यापायी निम्मी पोरं जाणारच नाहीत.